तेरडा

आमच्या रायगडकडच्या घरी गौरीला मुखवटा पितळेचा, पण अंग तेरड्याचं. आवाहनाच्या दिवशी आजी आम्हा पोरांना ओढ्याकडे पिटाळायची. तेरडा मुळासकट उपटायचा. "मुळं तोडू नका रे, ती गौरीची पावलं." माती धुताना ते रसरशीत देठ कटकन मोडायचे आणि आजीची बोलणी बसायची.

गौर गेली की तेरडा संपला, असाच समज होता. तो डोंगरात फिरायला लागल्यावर गेला.

खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, ही माझी भाद्रपदातली ठरलेली फेरी. शिड्या ओल्या असल्या की जीव मुठीत येतो. पण पदरवाडीच्या आसपास ऊन पडलं की अख्खा उतार गुलाबी, मध्येच सोनकीचे पिवळे पट्टे. वर दाट रानात शिरलं की मात्र हे सगळं मागे राहतं. जांभूळ-अंजनीच्या गर्द सावलीत तेरड्याचं काही चालत नाही. तिथे मान वर करून शेकरूची घरटी शोधावीत. १९८५ साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी.

सोबतच्या तरुण मंडळींचा सगळा जीव कारवीत. यंदा फुलणार की पुढच्या वर्षी? सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, म्हणजे कौतुक व्हायचंच. दर पावसाळ्यात न चुकता येणाऱ्याला कोण विचारतो! 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणणाऱ्याने हा घाट पाहिलेला नसावा. एकेक फूल लवकर गळतं हे खरं, पण खालच्या पेरावर शेंग धरते तेव्हा वर कळ्या उमलतच असतात. फूल उलटं करून बघा: मागे केसासारखी बारीक, वाकडी नळी. मध तिच्या टोकाशी. लांब सोंड असेल त्यानेच प्यावा, असा हिशेब.

उतरताना पदरवाडीची पोरं वाटेवर शेंगा फोडत बसलेली असतात. लवदार, फुगीर शेंग. पिकलेलीला नुसतं बोट लागलं की तिची पाचही सालं आत गुंडाळतात आणि बिया फाटकन उडतात. मीही एक चिमटीत धरली. काही झालं नाही.

"अवो काका, ती कच्ची हाय," एक चिमुरडी म्हणाली आणि तिने शेजारची दाखवली.