कॅटलॉगातली चौदा नावं

शाळेत हजेरीपटाला आम्ही 'कॅटलॉग' म्हणायचो. निवृत्तीनंतर हा शब्द परवा पुन्हा ऐकला, तोही नातवाच्या तोंडून!

झालं असं, माळ्यावरचा विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर त्याने खाली काढला. तो डिजिटल फोरेन्सिक्स शिकतोय. आमची ही २००८ साली गेली. तिच्या शेवटच्या आजारपणातले फोटो मीच फोल्डरसकट पुसले होते. बघवत नव्हते. पुढे पस्तावलो, पण बोललो कुणाला नाही. नातवाला मात्र बोललो.

त्याने आधी डिस्कची नक्कल काढली. मूळ डिस्कवर काम करायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. मोठे फोटो गेलेच होते. त्यांच्या जागेवर नंतरचं काहीबाही लिहिलं गेलेलं. पण एक्सपीत फोल्डरमधले फोटो लहान आकारात पाहिले की तिथेच 'थंब्स डीबी' नावाची लपलेली फाईल तयार व्हायची. त्या फाईलचे तुकडे डिस्कवर शिल्लक होते.

तुकडे ओळखायचे कसे? फाईलची सुरुवात ठरलेली असते: डी ० सी एफ १ १ ई ०. रोमन लिपीत लिहून बघा, 'डॉकफाईल' असं दिसतं! आतलं छोटं चित्र एफ एफ डी ८ ने सुरू होतं. आणि चित्रांची नावं-तारखा असलेली एक यादी असते, तिचं नाव 'कॅटलॉग'. (२००७ च्या व्हिस्टापासून ही चित्रं एकाच ठिकाणी, 'थंबकॅश'मध्ये साठू लागली. तिथली खूण 'सीएमएमएम'.)

आमच्या कॅटलॉगात चौदा नावं निघाली. हजर फक्त तीन.

एकात ही खिडकीशी बसून भाजी निवडतेय. चित्र जेमतेम इंचभर. म्हटलं, "जरा मोठा कर रे."

"आजोबा, यात जेवढं आहे तेवढंच. मोठं केलं तर नुसते चौकोन दिसतील." मग म्हणाला, "यावरून एवढंच सांगता येतं, की हा फोटो या डिस्कवर होता. कुणी पाहिला, कुणी पुसला, ते यावरून नाही सांगता येत."

मला ते ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

तिन्ही फोटो आहेत त्याच आकारात छापून घेतलेत. पाकिटात मावतात. उरलेल्या अकरांची नावं मी वहीत उतरवून ठेवलीत. कॅटलॉगातून नाव असं कमी करता येत नाही.

असो. मंडळी, फोटो पुसण्याआधी महिनाभर थांबत जा.