शेजार वगळलेला सूर

विजेवर चालणारी गिटार मुळात अबोल आहे. तिच्या भरीव देहात पोकळी नसते. वीज नसताना तार छेडली तर आवाज जेमतेम वाजवणाऱ्यापुरता. गर्जना असते ती अ‍ॅम्प्लिफायरची. व्हॉल्व्ह कुवतीपलीकडे ताणले गेले की सुराला ती परिचित खरखरीत धार चढते. म्हणजे या वाद्याचे सौंदर्य आणि शेजाऱ्याचा मनस्ताप यांचा उगम एकच!

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबलची. आमच्या इमारतीच्या भिंती तर खोकलाही लपवीत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रण करताना मी गिटार इंटरफेसमार्गे थेट संगणकाला जोडतो. तिथे अ‍ॅम्पची प्रतिकृती असते. तिच्यावर कुठल्याशा परक्या खोलीतल्या स्पीकरचा आणि मायक्रोफोनचा ठसा चढतो. त्याला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. बीटल्सनीही १९६८ साली ‘रेव्होल्यूशन’साठी गिटारी थेट कन्सोलला जोडल्या होत्या, पण त्यांना तो कर्कशपणाच हवा होता.

मुद्रण स्वच्छ होते, तक्रार नाही. हरवतो तो फीडबॅक. मोठ्या आवाजात स्पीकरने हलवलेली हवा तारेला पुन्हा थरथरवते आणि सूर लांबत राहतो. हेडफोनमध्ये तारेला असे उत्तर मिळत नाही. शिवाय भिंतीपलीकडचा, नाखूश का होईना, श्रोताही उरत नाही. पेटीवरच्या रियाजाला चाळीत तो आपोआप लाभत असे.

परवा शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारले, “गिटार विकलीस का रे?”