तिसरी पोरगी

रातपाळीला अडीच वाजता चहा येतो. रिंगफ्रेम खात्याच्या दाराशी आम्ही पाच-सहा जण बुड टेकतो. अंगावर कापसाचा भुगा, कानात मशीनची घरघर. अशा टायमाला माझ्या जोडीदारानं मोबाइलवर भुताचा कार्यक्रम लावला. नटनट्यांचा नाही, खरोखरची माणसं भूत हुडकायला गेलेली. जागा अमेरिकेतली. फ्लोरिडा राज्य, सेंट ऑगस्टीन गाव, समुद्राकाठचं जुनं दीपगृह. अंधारातलं दाणेदार चित्र, गरगर वर जाणारा लोखंडी जिना. खालनं माणसं वर बघतायत आणि वरच्या कठड्यावरनं काहीतरी काळं खाली वाकून बघतंय. माणसं धावत वर जातात. वर कुणी नाही.

जॉबर चहा प्यायचा विसरला. जोडीदार म्हणाला, "बघ, अमेरिकेत पण असतंय. तू जयंतीला भाषणं ठोकतोस. सांग की मग, हे खरं का खोटं?"

मी दहावी नापास. पण कविता लिहितो, मांडीवर डिक्शनरी ठेवून इंग्रजी वाचतो, म्हणून खात्यात मला शहाणा धरतात. उत्तर द्यायचं म्हणून त्या दीपगृहाच्या मागं लागलो. महिना गेला. हाती लागलं ते दोस्तांनो, तुमच्यापुढं ठेवतो. सुरुवात अमेरिकेत झाली, पण पाय शेवटी आमच्याच गिरणीच्या गोदामात येऊन अडकला.

आधी दीपगृहाचं सांगतो. अनास्तासिया नावाच्या बेटावर ते उभं आहे. बांधकाम १८७१ ते १८७४. उंची १६५ फूट, आत २१९ पायऱ्या. अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पीळ, डोक्यावर लाल टोपी. १५ ऑक्टोबर १८७४ ला दिवा पहिल्यांदा लागला. त्याआधी जवळच जुना बुरूज होता, त्याच्याखालची जमीन समुद्र खात होता. १८८० साली तो पाण्यात गेलाच. नव्या बुरुजावर दिवा तेलाचा, म्हणजे तेल माणसानं वर न्यायचं. २१९ पायऱ्या, रोज. हे वाचल्यावर मला भुताच्या आधी तेल वाहणाऱ्याच्या पोटऱ्या दिसल्या. ज्यानं रुईच्या गाठी वाहिल्यात त्याला हेच दिसणार.

भूत हुडकणारी टोळी म्हणजे 'घोस्ट हंटर्स' या टीव्हीवरच्या कार्यक्रमातली. कार्यक्रम २००४ ला सुरू झाला, हे दीपगृह त्यांनी २००६ साली दाखवलं. टोळीचे म्होरके जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन, दोघे पेशानं प्लंबर. म्हणजे आपल्यासारखीच हातानं काम करणारी माणसं, दिवसा नळ-मोऱ्या आणि रात्री भुतं. मला त्यांचा राग येईना. पगारावर पोट भरणारा माणूस रात्रीचं कायतरी दुसरं बघतोच. मी कविता बघतो.

आता त्यांची हत्यारं. एक मीटर असतो, तो विजेचं आणि चुंबकाचं क्षेत्र मोजतो. काटा हलला की म्हणायचं, कुणीतरी आहे. च्यायला, हा मीटर आमच्या खात्यात आणला तर प्रत्येक मोटारीपाशी भूत निघेल. दुसरा टेपरेकॉर्डर. मोकळ्या खोलीत प्रश्न विचारायचा, कोण आहेस, काय पाहिजे, आणि नंतर टेप परत परत ऐकायची. खरखरीत शब्द सापडतो. सापडणारच. आठ तास रिंगफ्रेमपाशी उभं राहा. तिसऱ्या तासाला मला माझी आई हाक मारते, ती दोन तालुके पलीकडं झोपलेली असते. माणसाचं डोकं आवाजाला आवाज राहू देत नाही, त्यातनं ओळखीचं माणूस काढतं. तिसरी हत्यारं म्हणजे कान आणि डोळे. लोखंडी जिना दिवसा तापतो, रात्री आकसतो, कटकन् वाजतो. आमच्या शेडचे पत्रे पहाटे तेच करतात. आणि विटांच्या उंच पोकळ नळीत खालचा खोकला वर घुमतो.

याहून भारी गोष्ट सापडली ती इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची. व्हिक टँडी नावाचा इंजिनियर एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथं लोकांना उगाच भीती वाटायची, घाम फुटायचा, कडेला करडं काहीतरी दिसायचं. एक दिवस त्यानं तलवारबाजीचं पातं शेगड्यात आवळलं, तर पातं आपोआप थरथरायला लागलं. त्यानं थरथर मोजली. नवीन बसवलेला हवा काढायचा पंखा सेकंदाला सुमारे १९ वेळा हवा हलवत होता. कानाला ऐकू न येणारा आवाज, पण अंगाला लागणारा. पंख्याची बसवणूक बदलली, भूत गेलं. १९९८ साली त्यानं हे छापलं. दीपगृहात हेच झालं असं मी म्हणत नाही, तिथं मी मोजायला गेलो नाही. पण भूत म्हटल्यावर आधी पंखा बघायचा, एवढं मी पक्कं धरलं.

हे सगळं मी खात्यात सांगितलं. जॉबर म्हणाला, "ते असू दे. पण मेलं कोण तिथं ते सांग." हा प्रश्न खरा होता आणि मी तो वाचायचा ठेवला होता.

दिनांक १० जुलै १८७३. बुरूज अजून अर्धा होता. कामावरचा मुख्य माणूस हेझेकाया पिटी, त्याचं बिऱ्हाड बेटावरच. होडीतनं उतरलेलं सामान बुरुजापर्यंत न्यायला रूळ टाकले होते, त्यावर ढकलगाडी. पोरांना तेवढाच खेळ. उतारावरनं गाडी सोडायची, शेवटी एक आडवी फळी असायची तिला अडून थांबायचं. त्या दिवशी फळी नव्हती. गाडी थेट पाण्यात जाऊन उलटली. गाडीत पाच पोरं. डॅन सेशन्स नावाच्या मजुरानं धाव घेतली, दोन लेकरं जिवंत काढली. तिघी मेल्या. मेरी पिटी, वय १५. एलायझा पिटी, वय १३. आणि तिसरी एक काळी पोरगी, दहाएक वर्षांची.

मी पुढं वाचत गेलो. दुसरं पान, तिसरं पान. साहेबाचं नाव आहे. साहेबाच्या मेलेल्या लेकींची नावं वयासकट आहेत. वाचवणाऱ्याचं नाव आहे. फळी कशी नव्हती तेही आहे. तिसऱ्या पोरीचं नाव मला कुठंच सापडलं नाही. एक काळी पोरगी, एवढंच.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं १८६५ ला संपली. आठ वर्षांनी ती पोरगी साहेबाच्या पोरांना खेटून गाडीत बसली. खेळात विटाळ नव्हता. बुडताना पाण्यानं विचारलं नाही, तू कुणाची. विटाळ आला तो कागदावर.

आता लोक तिकीट काढून रात्री त्या बुरुजावर जातात. मुलींचं हसू ऐकू येतं म्हणतात. हसणाऱ्या कोण, तर पिटीच्या लेकी. अंधारात हाक मारायची तर मेरी म्हणून मारता येते, एलायझा म्हणून मारता येते. तिसरीला काय म्हणून मारणार? मीटर आहे, कॅमेरा आहे, टेप आहे. नाव नाही. भूत व्हायलासुद्धा आधी नाव लागतं, दोस्तांनो.

आणि हसू नका, हे आपल्याकडं जुनंच आहे. आपल्या गावात भुताला जात असते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोरगा मुंजा होतो, त्याला राहायला पिंपळ. वासना राहिलेला बामण ब्रह्मसमंध होतो, त्याचा धाक अख्ख्या गावाला. आणि आमचं काम काय होतं? मयताचा सांगावा परगावी पोचवायचा आम्ही. सरणाची लाकडं फोडायची आम्ही. मसणवट्याच्या वाटेवर राहायचं आम्ही. गावाच्या सगळ्या मेलेल्यांची उठाठेव आमच्या माथ्यावर, पण आमचं मेलेलं माणूस कुणाच्या गोष्टीत आलं? आजी म्हणायची, "आपण जित्तेपणी वेशीभाईर, मेल्यावर कुठनं गावात शिरणार?" १९५६ नंतर माझ्या पणजीनं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि नदीला सोडले. त्या टोपलीबरोबर भुतंही गेली. आमच्या घरात बाबासाहेब आले ते असे.

सेंट ऑगस्टीनची गोष्ट मात्र १८७३ ला संपत नाही. १९६४ च्या जूनमध्ये त्याच अनास्तासिया बेटाच्या किनाऱ्यावर काळी माणसं समुद्रात उतरली. समुद्रात! त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. ११ जूनला त्या गावात मार्टिन ल्यूथर किंगना अटक झाली. १८ जूनला एका मोटेलच्या पोहायच्या तलावात काळी आणि गोरी माणसं एकत्र उतरली, तर मालकानं पाण्यात ॲसिड ओतलं. आपण २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं, तर त्यांनी तळ्यात पंचगव्य ओतलं. तिकडं ॲसिड, इकडं गोमूत्र. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइसना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडनंच उचललं. ते उगाच नव्हतं. पाण्यानं दोघांची ओळख घालून दिली होती.

आता आमचं गोदाम.

गिरणीच्या मागं वेस्ट कापसाचं गोदाम आहे. वर्षभर बोलवा होता, की पहाटे साडेतीनला तिथं बाई कण्हते. रातपाळीची पोरं तिकडं लघवीलासुद्धा जात नव्हती. दीपगृहाचं वाचून मला जोर चढला. जोडीदाराला म्हणालो, "चल, आपण बी हुडकू." मीटर नाही, कॅमेरा नाही, मोबाइल आणि बॅटरी. पहिल्या रात्री आवाज आला. खरंच आला, खोटं कशाला बोलू, माझ्या मांड्या लटलटल्या. दुसऱ्या रात्री आवाज कुठल्या भिंतीचा ते बघितलं. तिसऱ्या रात्री सापडला. खात्यात हवा खेळवायचा जो प्लांट आहे त्याचा पत्र्याचा नळ गोदामावरनं जातो. पहाटे गारवा वाढला की एक झडप अर्धी लावतात, हवेचा दाब वाढतो, आणि नळाच्या उसवलेल्या सांध्यातनं शीळ निघते. मी शिडीवर चढलो, वेस्टचा बोळा केला, फटीत कोंबला. कण्हणं बंद.

सकाळी सगळ्या खात्यात गाजावाजा. जॉबरनं पाठीवर थाप मारली. मी छाती काढून फिरलो. आठवडाभर फिरलो. मग ध्यानात आलं, की आता त्या बाईबद्दल कुणीच बोलत नाही.

बाई खरी होती. ठेकेदाराकडची झाडूवाली, आपल्यातलीच. गोदामात गाठींची थप्पी कोसळली, तिच्याखाली गेली. ठेकेदार म्हणाला, त्या रात्री ती कामावर नव्हतीच. गेटच्या वहीत बघितलं तर लिहिलेलं, 'झाडू, महिला ३'. कुठल्या तीन, ते नाही. वर्षभर तिची एकच नोंद गिरणीत शिल्लक होती. पहाटे साडेतीनचं ते कण्हणं. घाबरून का होईना, लोक म्हणायचे, "ती बाई." ती नोंद मी माझ्या हातानं, वेस्टचा बोळा घालून बंद केली.

भूत घालवलं ते बरोबरच केलं. परत वेळ आली तर परत बोळा घालीन. पण भूत घालवलं की आपलं काम झालं असं आपण समजतो, तिथं आपण चुकतो. भुताच्या जागी माणूस आणून ठेवायला लागतं. नावानिशी, वयानिशी, कुणाच्या चुकीनं मेलं त्यानिशी. नाहीतर आपण गेटच्या वहीचंच काम करतो. त्या फ्लोरिडातल्या पोरीला हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. आमच्या बाईची माणसं अजून जिवंत आहेत.

मी नि जोडीदार रविवारी वस्त्यांतनं फिरलो. तिसऱ्या रविवारी तिची लेक सापडली. शिवणकाम करते, लग्नाची आहे. आम्हाला चहा दिला. आईचं नाव सांगितलं, आणि ती कामावर जाताना घ्यायची तो डबा दाखवला. त्यावर टोच्यानं कोरलेलं तेच नाव. त्या रात्री बरोबर असलेल्या दुसऱ्या दोघींचा पत्ताही तिनंच दिला. त्यांतली एक सही करायला तयार आहे.

मी म्हणालो, "ताई, आमच्या अंकात लिहू का?"

ती म्हणाली, "लिव्हा दादा. पण आईचं नाव इतक्यात छापू नका. भरपाईचा अर्ज घालायचाय. नाव फुटलं तर ठेकेदार त्या दोघींना फोडंल."

म्हणून इथं नाव नाही. ज्या दोस्तांना कामगार कोर्टाची माहिती असेल त्यांनी संपादकांकडं निरोप ठेवावा. अर्ज दाखल झाला की नाव पुढच्या अंकात येईल, पहिल्या पानावर.

जयभीम.