बापूंची इस्टेट

दोन भावांची वाटणी कशी होते, हे आमच्या झाडीपट्टीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. धानाच्या बांध्यांचे तुकडे पडतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि घराच्या मधोमध एक मातीची भिंत उभी राहते. आमच्या घरी यातले काहीच झाले नाही. दादा नागपूरला नोकरीत, मी इथे बपेऱ्यात मास्तर. शेती मी पाहावी आणि वर्षाचा तांदूळ त्याच्याकडे पोचता करावा, इतके ते सरळ होते. आम्हा दोघांत बोलाचाली झाली ती एका मोडक्या मोटारीवरून. योगायोग असा, की त्या मोटारीचे कारखान्याने ठेवलेले नावच मुळी ‘इस्टेट’ होते.

ॲम्बॅसडर गाडी सर्वांच्या पाहण्यातली आहे. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन हिंदुस्तान मोटर्सने ती १९५७ पासून बंगालमधल्या उत्तरपाडा येथे बनवली आणि २०१४ साली तो कारखाना थांबेपर्यंत तिचे रूप फारसे बदलले नाही. इस्टेट ही तिचीच लांब पाठीची बहीण. पुढून पाहावी तर नेहमीची ॲम्बॅसडर. परंतु मागे डिक्की नाही. छत तसेच शेवटपर्यंत गेलेले, दोन्ही बाजूंना लांब काचा आणि पाठीशी एक दार. मागची बैठक पाडली की आत एक माणूस पाय लांब करून निजू शकतो. अमेरिकेत अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणत, कारण स्टेशनावरचे उतारू आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवणे हे तिचे मूळ काम. इंग्रजांनी तिला इस्टेट म्हटले, ते तिथल्या जमीनदारी मळ्यांवरून. आपल्याकडे इस्टेट म्हणजे घरदार आणि जमीनजुमला. बापूंना हा श्लेष फार आवडे. “बापू, पोरांसाठी काय ठेवलं जी?” असे कोणी विचारले की ते गोठ्याकडे बोट दाखवीत आणि म्हणत, “ते काय, इस्टेट उभी हाय.”

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९७९ साली, बापूंनी ती नागपुरात जुनी विकत घेतली. कागदावर तिची पहिली नोंद १९६८ सालची. मुंबई-हावडा मार्गावरच्या तुमसर रोड स्टेशनावर उतरलेली माणसे तुमसर, सिहोरा, बपेरा अशी आणायची आणि कोणी बावनथडीपलीकडे मध्य प्रदेशात जाणारा असला तर त्यालाही पोचवायचे, हा त्यांचा धंदा. स्टेशन वॅगन हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. पण त्या शब्दाला इतका जागलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

गावाने मात्र ती गाडी ओळखली ती दुसऱ्याच कामाने. अडलेली बाळंतीण, बांधीत साप चावलेला मजूर, तापाने फणफणलेले पोर. रात्री-बेरात्री दार वाजे, बापू मागची बैठक पाडीत, सतरंजी अंथरीत आणि निघत. तुमसरच्या डॉक्टरांनी भंडाऱ्याला न्यायला सांगितले, तर त्याच पावली भंडाऱ्याला. सलाइनची बाटली हातात धरून बसलेल्या नातेवाइकाचा हात भरून येतो, हे पाहून त्यांनी छताला आतून एक लोखंडी कडी वेल्ड करून घेतली. ती बाटली कडीला झुलत असे आणि बापू खड्डे चुकवीत गाडी हाकीत. त्या फेऱ्यांचे पैसे ते ज्याने दिले त्याच्याकडून घेत. मागितल्याचे मला आठवत नाही.

आता जे सांगायचे ते मला सोपे नाही. २०११ सालच्या आषाढात एका रात्री बापूंच्याच छातीत दुखू लागले. दादा नागपूरला. मी किल्ली फिरवली. गाडी नुसती खुट्ट झाली. बॅटरी उतरली होती. ती तुमसरला नेऊन चार्ज करून आण, असे बापूंनी मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितले होते आणि त्या सुमाराला मी माझ्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो. शेजारचे चार जण आले, चिखलात गाडी ढकलली; ती धरली नाही. दुसरे वाहन मिळायला दीड तास लागला. बापू वाटेतच गेले. “वेळेवर आणले असते तरी सांगता आले नसते,” असे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी चौदा वर्षे उलटसुलट करून पाहिले आहे.

त्यानंतर गाडी गोठ्यातच राहिली. बाजूला बैल, वर कौले, खाली ओल. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळत असे.

गेल्या वैशाखात दादा आला आणि ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, “आपण गाडी नवी करू. खर्च अर्धा अर्धा. अशा गाड्यांना आता मान आहे. बापूंचे नाव राहील.” मला एकदम भरून आले. मी लगेच हो म्हटले. त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी गोठ्यात जाऊन गाडीच्या सुकाणूमागे बसलो.

तुमसरहून मिस्त्री आला. म्हातारा, बापूंच्या वेळचा. त्याने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली निजून एका पेचकसाने दारांखालचा पत्रा टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. “गुरुजी,” तो म्हणाला, “जिपेचा पत्रा सडला तं खाली चेसीस राहते. हिचं तसं नाही जी. हिचा पत्राच हिचा सांगाडा.” ते खरे होते. ॲम्बॅसडरला वेगळी चौकट नाही. तळ, पायरीखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच गाडी उभी राहते. त्या पेट्या सडल्या म्हणजे माणसाचा कणा गेल्यासारखे. इंजिन, गिअर, कमानींचे पाटे, हे सारे मिळते. लाखो ॲम्बॅसडर रस्त्यावर होऊन गेल्या आहेत. पण तळ नव्याने घडवायचा म्हणजे महिन्यांचे काम. त्याने आकडा सांगितला: चार लाख, आणि वर काय लागेल ते. माझी मुलगी यंदा नर्सिंगला जाणार होती. तिच्या फीसाठी ठेवलेले पैसे माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि ते आले याची मला लाज वाटली.

दुसरी अडचण कायद्याची निघाली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शनाला किंवा फेरीला न्यायची. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आणि बापूंनी तर १९८७ साली, पेट्रोल परवडेना म्हणून, तिच्यात डिझेलचे इंजिन बसवले होते.

दादा फोनवर म्हणाला, “मग काय झाले? डिझेल काढू, जुने पेट्रोल इंजिन शोधू. आणि ती कडीबिडी घासून टाकू. कंपनीतून आली तशी करू.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. कंपनीतून आली तशी! म्हणजे १९६८ ची. बापूंच्या हाती येण्याच्या अकरा वर्षे आधीची. चार लाख रुपये खर्चून आम्ही जी गाडी उभी करणार होतो, तिच्यात बापूच तेवढे नसणार होते.

माळ्यावर बापूंची एक वही होती. गाडीच्या हिशेबाची. मी ती खाली काढली. तीन रकाने: तारीख, सामान, कोठून आणले. मी वाचीत गेलो आणि चकित झालो. गिअरबॉक्स: नागपूरची टॅक्सी, भंगारातून. पुढचे डावे दार: गोंदियाच्या एका अपघाती गाडीचे. रेडिएटर, सुकाणूचा दांडा, मागचे पाटे. एकेक करून सारेच कोणत्या ना कोणत्या मेलेल्या गाडीकडून आलेले. इंजिनासमोर तर बापूंनी कौतुकाने लिहिले होते: “ज्याची गाडी, तो स्वतः सोडायला आला होता.” जिला आम्ही बापूंची गाडी म्हणत होतो, ती अशी वीस-पंचवीस गाड्यांच्या दानावर चाललेली होती. सुटे भाग काढणे म्हणजे गाडीची विटंबना, असे दादाला वाटे आणि मलाही वाटत होते. बापूंना ते कधी वाटले नसावे.

म्हणून मिस्त्रीने जेव्हा नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांचा निरोप आणला, तेव्हा मी त्यांना येऊ दिले. त्यांच्याकडे अशीच इस्टेट होती. मूळ इंजिन शाबूत, तळ मजबूत, पण मागून ट्रकने ठोकलेली. साध्या ॲम्बॅसडरचे मागचे दार तिला चालत नाही, कारण साध्या ॲम्बॅसडरला ते असतच नाही. मागचे दार आणि दोन लांब काचा यांच्यासाठी ते सहा वर्षे हिंडत होते. त्यांनी आमच्या दारावरून हात फिरवला आणि काही न बोलता उभे राहिले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याला नुसती गाडी हवी होती. मला हवी होती ती चौदा वर्षांपूर्वीची एक रात्र, आणि त्या रात्री किल्ली फिरवल्यावर सुरू होणारे इंजिन. कादंबरीत मी तेही केले असते. चार लाखांचे डेंटिंग-पेंटिंग करूनही ते व्हायचे नव्हते.

दादाला मी त्या रात्री बॅटरीची गोष्ट प्रथमच सांगितली. पलीकडे इतकी शांतता पसरली, की फोन तुटला असे मला वाटले. मग तो म्हणाला, “मी तर इथे नव्हतोच रे.” म्हणजे त्यालाही ती गाडी कशासाठी नवी करायची होती, ते मला तेव्हा कळले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दे त्यांना. पण मी येतो त्या दिवशी.”

तो आला. मिस्त्रीने दार उतरवले तेव्हा त्याच्या खाचेतून मूठभर धान सांडले. कधीच्या पोत्यातले कोण जाणे. कोंबड्या धावल्या. माय ओसरीवरून सारे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “ते कडी तेवढी माले काढून दे बाबू.” मिस्त्रीने छताचा तेवढा तुकडा कापला. डिझेल इंजिन खोलून पाहिले तर अजून जीव धरून होते. बावनथडीकाठच्या एका शेतकऱ्याने ते पाण्याच्या पंपाला लावायला नेले. तांब्या-पितळेचा रेडिएटर भंडाऱ्याच्या मोडवाल्याकडे गेला. भांड्यांचे गाव ते, कोणाच्या तरी घरी तो गुंड होऊन पाणी भरील. राहिलेला सांगाडा भंगारात गेला. तो भट्टीत वितळेल, त्याचे पुन्हा पोलाद होईल. आणि पोलादाला मँगनीज लागतेच, तेव्हा आमच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतली चिमूटभर मातीही त्यात मिसळेल, असे मी आपला समजतो.

पैसे फार आले नाहीत. जे आले त्यात दादाने आपला वाटा घातला आणि पोरीची पहिली फी भरली गेली. शिकून ती कोणाच्या तरी सलाइनची बाटली टांगील, हे दादाच्या लक्षात आले. माझ्या आले नव्हते.

सर्व मंडळी गेल्यावर मी आणि दादा कंदिलाच्या उजेडात वही घेऊन बसलो. बापूंचे तीन रकाने होते. आम्ही चौथा आखला: कोठे गेले. दार आणि काचा: नागपूर. इंजिन: नदीकाठ. रेडिएटर: भंडारा. पट्टीने रेघ मी ओढली, अक्षर दादाचे. माझ्यापेक्षा त्याचे चांगले आहे. शेवटच्या ओळीला तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “लिही. कडी: घरी.”