रातपाळी सुटल्यावर

दोस्तहो, मागच्या बैठकीत एका साथीनं मला तोंडावर विचारलं, "तुझ्या कवितेत पाखरं कशाला? पाखरांवर लिहायला पोटभरलेले बसलेत की!" तेव्हा मी गप बसलो. आज सांगतो.

मी साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला. गळीत हंगामात रात्री बारा ते सकाळी आठ. अंगाला मळीचा वास, डोळ्यांत भुशाची कुसळं. सुटलो की सायकल काढायची नि नाथसागराच्या कडेकडेनं शेवगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर यायचं. मान खाली, डोळ्यांवर झोप. रोजचंच.

फेब्रुवारीतली सकाळ. सायकलची चेन पडली म्हणून उतरलो. चेन बसवता बसवता मान वर केली, तर उथळ पाण्यात पांढऱ्या-गुलाबी पाखरांची रांगच्या रांग. काटकुळे लांब पाय, वाकडी चोच चिखलात. कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि सगळी एकदम उठली. पंख उघडले, लालभडक, कडेला काळे. पाण्याला आग लागावी तसं! मी वंगणानं माखलेले हात तसेच धरून खुळ्यासारखा हसत उभा.

रोहित त्याचं नाव. दुसरं नाव अग्निपंख. पिल्लू राखाडी असतं. चिखलपाण्यातलं शेवाळ नि बारीक जीव खाऊन त्याला हा रंग चढतो, असं नंतर वाचलं.

घरी आजीला सांगितलं. म्हणाली, "तिथंच आपलं जुनं गाव व्हतं रं."

जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं. आमचं गाव पाण्याखाली गेलं, गावची विहीरही. त्या विहिरीवर आजी रिकामा हंडा घेऊन तासन्‌तास उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्या विहिरीला त्याची खबरच नव्हती.

"पाखरं कुनाला इचारून पित्यात का?" आजी म्हणाली, आणि हसली. तिला असं हसताना मी क्वचित पाहिलंय.

साथी, पाखरू बघायला मान वर करावी लागते. आपल्या बापजाद्यांना ती करू दिली नाही. बाबासाहेबांनी एवढ्या धकाधकीत व्हायोलिन शिकायला घेतलं, ते काय उगाच? भाकरी मागू, जमीन मागू, तसा हा आनंदही आपल्या हक्काचा.

उद्याच्या मोर्चाला येतोच. फक्त अर्धा तास उशीर होईल. चेन पडली नाही तरी मी तिथं उतरणार आहे.

जय भीम!