झांकली मूठ

सामर्थ्य म्हणजे अखंड धडपड, असें आपण सहज समजतों. पेशींतील पार्किन नांवाचें विकर मला निराळेंच सांगतें. ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका बिघडल्या, कीं त्यांवर युबिक्विटिनची खूण करून त्यांना मोडींत काढावयाचें, हें त्याचें काम. परंतु २०१३ सालीं त्याची घडण उकलली, तेव्हां दिसलें कीं, त्याच्याच इतर भागांनीं त्याचें कार्यस्थान झांकलेलें असतें! बिघडलेल्या कणिकेवर सांचलेलें पिंक-१ हें विकर युबिक्विटिनला व पार्किनला फॉस्फेट जोडतें, तेव्हां ही मूठ उघडते. ती सदाच उघडी असती, तर धडधाकट कणिकांचीही धडगत नव्हती. आणि मुळींच न उघडली तर? पार्किन निकामी करणाऱ्या जनुकदोषानें ऐन तारुण्यांत कंपवात जडतो, हें जपानी संशोधकांनीं १९९८ सालींच दाखविलें होतें. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण वेळेवर उघडली तरच.