सस्पेन्शनचा कडकपणा आणि चाकाची पकड

क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलला मागच्या चाकासही सस्पेन्शन असावे काय, हा वाद ऑलिंपिकपुरता तरी जुना झाला आहे. 2012 मध्ये लंडनला चेक स्वार यारोस्लाव्ह कुल्हावी याने आणि 2016 मध्ये रिओला स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने अशाच सायकलीवर सुवर्णपदक जिंकले. तरीही सस्पेन्शन जितके कडक तितका वेग अधिक, ही समजूत टिकून आहे. ती चुकीची आहे, कारण खडकाळ चढावर उसळून जमीन सोडणारे मागचे चाक स्वाराची ताकद वायाच घालवते.

चाक जास्तीत जास्त जेवढे वर सरकू शकते त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात आणि या प्रकारात ते बहुधा 100 ते 120 मिलिमीटर असते. ट्रॅव्हल 100 मिलिमीटर आणि मागच्या धक्काशोषकाचा, म्हणजे शॉकचा, दांडा आत जाण्याचे अंतर, म्हणजे स्ट्रोक, 40 मिलिमीटर असेल, तर दोहोंचे सरासरी गुणोत्तर 2.5 होते. हे गुणोत्तर जितके मोठे तितका शॉकमध्ये हवेचा दाब अधिक लागतो, म्हणून वजनदार स्वाराने सायकल निवडताना ते अवश्य पाहावे.

जुळवणीचा खरा पाया सॅग हा आहे. स्वार पाणी व सामानासह सायकलवर बसला असता केवळ त्याच्या भाराने सस्पेन्शन जेवढे दबते, तो सॅग. मागे स्ट्रोकच्या 20 ते 25 टक्के, म्हणजे वरील उदाहरणात 8 ते 10 मिलिमीटर, आणि पुढच्या फोर्कला 15 ते 20 टक्के ही सुरुवात योग्य ठरते. हे दबणे म्हणजे वाया गेलेला ट्रॅव्हल नव्हे, कारण खड्डा आला की चाकाला खाली उतरून जमीन धरता येते ती याच राखीव अंतरामुळे. हवा भरताना मधूनमधून शॉक हळूहळू दाबावा, म्हणजे दांड्याला उलट दिशेने आधार देणाऱ्या दुसऱ्या कप्प्यातही हवा पोचते. हे न केल्यास पंपावरचा आकडा फसवा ठरतो.

दबलेले सस्पेन्शन परत उलगडण्याच्या वेगावर तेलाच्या प्रवाहाने जो लगाम घातला जातो, तो रीबाउंड डॅम्पिंग होय. तो ढिला असल्यास चाक उसळते. फार आवळला तर लागोपाठच्या दगडांवर सस्पेन्शन पूर्ण उलगडण्याआधीच पुन्हा दबत जाते आणि अखेरीस ट्रॅव्हल उरतच नाही. हवेचा दाब वाढवला की हा लगामही थोडा आवळावा लागतो, त्यामुळे सॅग ठरण्याआधी रीबाउंडला हात लावण्यात अर्थ नाही, आणि त्यानंतरही एका वेळी एकच बदल करून त्याच वाटेवर फेरी मारल्याखेरीज कोणता परिणाम कशामुळे झाला, हे कळणे कठीण असते.

सॅग योग्य असूनही शॉक वारंवार तळाशी आदळत असेल, तर दाब न वाढवता हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचा स्पेसर बसवावा. त्याने कप्प्याचे आकारमान घटते आणि प्रतिकार मुख्यतः शेवटच्या टप्प्यात वाढतो. सस्पेन्शन जवळजवळ गोठवणारा लॉकआउट डांबरी रस्त्यावर आणि सपाट अंतिम धावेत उपयोगी पडतो. दगडधोंड्यांच्या चढावर मात्र शॉक खुला, फार तर मधल्या स्थितीत ठेवावा.